जखम पाहायला आलेली माणसं

गल्लीच्या तोंडाशी आलं की संघमित्राची नजर आधी दाराबाहेरच्या चपलांवर जायची. एकच जोड असला तर तो शेजारच्या दुर्गाबाईचा. त्याचं काही नाही, तो तिथेच असायचा. जास्त जोड दिसले, तर सासऱ्यांची जखम पाहायला कुणीतरी आलेलं आहे, आता चहा ठेवायचा आहे आणि काटा कसा रुतला इथपासून सगळं पुन्हा ऐकायचं आहे. ती उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबायची, चेहरा नीट करायची आणि मग आत जायची.

काटा बाभळीचा होता. डोमाजी रंगारी, तिचे सासरे, धानाच्या कापणीच्या दिवसांत रामपायलीला धाकट्या बहिणीकडे गेले होते. बांधावर कुठेतरी काटा चपलेच्या आरपार गेला आणि अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात शिरला. शुगरनं त्यांच्या पायांची जाणीव केव्हाच नेली होती. ते तसेच दिवसभर शेतात हिंडले, जेवले, बसनं बालाघाटला परत आले. संध्याकाळी संघमित्रानं ओट्यापासून मोरीपर्यंत फरशीवर लाल ठसे पाहिले, तेव्हा घरात सगळ्यांना कळलं. सगळे म्हणजे ती आणि ते. नवरा अंकित मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत ठेकेदाराकडे सुपरवायझर होता, रविवारी घरी यायचा. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. डोमाजींनी त्याच खदानीत डंपर चालवून उमर काढली होती. संघमित्रा एका खासगी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायची, आणि तोवर घरात डोमाजी, त्यांचा पलंग आणि त्यांचा पाय.

काट्याचं भोक पिकलं. डॉक्टरांनी काळं पडलेलं मांस कापून काढलं, तेव्हा खाली लिंबाएवढी जखम निघाली. "हाडापर्यंत पोचलं तर अंगठा काढावा लागेल," ते म्हणाले. "कदाचित पुढचा पंजाही. त्यासाठी नागपूर." हे त्यांनी संघमित्राकडे पाहून सांगितलं. डोमाजी भिंतीवरचं हाडांचं चित्र पाहत होते.

दवाखान्यातली ड्रेसिंगवाली सिस्टर पौर्णिमा हिनं जखमेवर एक पातळ, आरपार दिसणारी, थरथरती चकती ठेवली. हायड्रोजेल. त्यात बहुतेक पाणीच, पण ते सांडत नाही, धरून ठेवलेलं असतं. आणि त्या पाण्यात चांदीचे इतके बारीक कण की दिसायचे नाहीत, ते जंतू मारतात. जखम ओलसर राहते, नवी कातडी कडेनं हळूहळू आत सरकते. त्यावर जाळीची पट्टी, मग लांब गुंडाळपट्टी.

"तीन दिवस उघडायची नाही," पौर्णिमा म्हणाली. "पाणी नाही, ऊन नाही, पावडर नाही. अन् या पायावर भार टाकायचा नाही, बाबूजी."

"हौ," डोमाजी म्हणाले.

त्यांच्या त्या हौवर विश्वास ठेवायला नको होता, हे संघमित्राला फार उशिरा कळलं.

आधी तिला वाटलं, अडचण दुर्गाबाईची आहे. दुर्गाबाईला जखमेचं एकच शास्त्र ठाऊक होतं, ते म्हणजे कोरडी करणं. ती भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "पोरी, घावाले ऊन दाखव. ओल्या घावाले आनखी ओलं करनारा डाक्टर मी नाई पाह्यला बापा."

संघमित्रानं शाळेत समजावते तसं समजावलं. वाटीत सब्जा भिजवून आणला, प्रत्येक दाण्याभोवती पाण्याची टोपी कशी चढते ते दाखवलं. "असं हे पाणी धरून ठेवते, आजी. जखमेवर सांडत नाही, अन् तिला सुकूही देत नाही."

दुर्गाबाईनं वाटी घेतली, त्यात दूध मागवलं आणि सब्जा पिऊन टाकला. मग तिला आठवलं. "त्यात चांदी हाये म्हन्ते ना? मंग जुनी पट्टी फेकून काहून देते?"

"दिसत नाही इतकी असते, आजी."

"चांदी ते चांदी. पायाले चांदी चालते, उकिरड्यावर नाई."

पलंगावरून डोमाजी खूश होऊन हसले. संघमित्रानं रिकामी वाटी उचलली.

धान घरात आलं होतं, लोकांना सवड होती. रामपायलीहून डोमाजींच्या बहिणीकडचे आले, विहारातले आले, खदानीतले जुने साथीदार आले. या भागात आजारी माणसाकडे कुणी फोनवर विचारून मोकळं होत नाही. जाऊन पाहावं लागतं. येणारे सोबत बिस्किटांचे पुडे आणत. शुगरच्या रोग्यासाठी क्रीमची बिस्किटं. संघमित्रा ते पुडे शाळेत नेऊन वाटायची, आणि मुलं विचारायची, "मॅडम, सरजी अब कैसे हैं?" सरजी म्हणजे मॅडमचे सासरे, हे तिला बरेच दिवस कळलं नव्हतं.

जखम मात्र भरत नव्हती. कडेची कातडी पांढरी, भिजून सुरकुतलेली दिसू लागली. मग एके दिवशी पट्टी उघडताच वास आला. पौर्णिमानं नाकावरचा मास्क वर ओढला. चकतीखाली हिरवट झाक होती.

"घरी कोणी उघडतं का हे?"

"नाही," संघमित्रा म्हणाली. "बाबूजी हातसुद्धा लावत नाहीत."

डोमाजी हाडांचं चित्र पाहत होते.

डॉक्टरांनी पुन्हा साफ केलं, गोळ्या बदलल्या, एक्स-रे काढायला सांगितलं. हाड अजून ठीक होतं. "आठवडाभर बघू," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

मग संघमित्रा औषधाच्या दुकानात जाऊन भांडली. पाकिटावरची तारीख तिनं स्वतः वाचली होती, ती बरोबर होती, तरी भांडली. माल उन्हात ठेवला असेल, म्हणाली. दुकानदारानं तिला फ्रिज उघडून दाखवला. घरी आल्यावर तिनं अंकितला फोनवर सांगितलं की हा डॉक्टर काही खरा नाही. अंकित म्हणाला, "दुसरा पाहू का?" आणि या प्रश्नाचाही तिला राग आला, कारण पाहणारी तीच असणार होती.

त्याच आठवड्यात ती सातवीच्या तपासलेल्या वह्या घरी विसरली आणि मधल्या सुट्टीत घ्यायला आली.

दाराबाहेर दुर्गाबाईच्या चपलेशेजारी मोठे, धुळीनं भरलेले बूट होते. आत पलंगावर उशी, उशीवर डोमाजींचा उघडा पाय. बिरसा गावचे भैयालाल, खदानीतले जुने साथीदार, गुडघ्यावर वाकून मोबाईलचा उजेड जखमेत टाकत होते. दुर्गाबाई दुसऱ्या बाजूनं वाकली होती. स्टुलावर स्टीलची ताटली, ताटलीत माठातलं पाणी, आणि पाण्यात ती चकती, फुगून जाड झालेली. माशी बसू नये म्हणून झाकायला दुसरी ताटली तयार ठेवली होती.

"ये बेटा," डोमाजी म्हणाले. "भैयालाल आला. दोन बसा बदलून आला बिचारा."

"नमस्ते काका," संघमित्रा म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "बाबूजी, हे काय करून राह्यले?"

"दाखवून राह्यलो."

"अन् पट्टी?"

"थे पाण्यात हाये. मी तसीच नाई लावत. कोनी पाह्यलं का धुऊनच लावतो."

"भोत पानी पीती है," भैयालाल कौतुकानं म्हणाले. "देख ना बहू, कैसी फुग गई."

आतापर्यंत आलेले सगळे चपलांचे जोड तिच्या डोळ्यांपुढून गेले. रामपायलीचे. विहारातले. प्रत्येक जोडामागे एकदा ही चकती निघाली होती, माठाच्या पाण्यात पोहली होती, परत चिकटली होती. जाळीची पट्टी आणि गुंडाळपट्टी मात्र इतकी नीट बांधलेली असायची की तिला कधी शंका आली नाही. खदानीतल्या प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये डोमाजी पट्टी बांधायला शिकले होते. ते घरभर अभिमानानं सांगायचे, आणि तीही कौतुकानं ऐकायची.

"काका, चहा घेता?" ती म्हणाली.

"घेईन थोडासा."

तिनं चहा केला. साखरेच्या डब्याचं झाकण तिनं ज्या रीतीनं लावलं, ते बाहेरच्या तिघांनाही ऐकू आलं. दुर्गाबाई चहा न घेताच घरी गेली. चहा देऊन संघमित्रानं ती चकती कचऱ्यात टाकली, जखमेवर स्वच्छ जाळी ठेवून डोमाजींना ऑटोनं दवाखान्यात नेलं, आणि पौर्णिमासमोर उभी राहून म्हणाली, "सिस्टर, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं होतं." वह्या घरीच राहिल्या.

संध्याकाळी तिनं अंकितला फोन लावला.

"तुझे बाबूजी लोकायले जखम उघडून दाखवतात. धुऊन परत लावतात. माठाच्या पाण्यानं."

"काय सांगते? मंग तू घरी नसते का?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही. मी शाळेत असते. तू कुठं असतो?"

"अरे तसं नाई म्हणत मी. रविवारी येतो तं समजावतो त्यायले."

"रविवारपर्यंत अंगठा राहिला तं समजाव."

जेवताना डोमाजी पोळी मोडत होते. भात कमी केल्यापासून ते जेवणाशी रुसलेलेच असायचे. सासऱ्यांवर आवाज चढवायची तिला सवय नव्हती, आणि दिवसभर दाबलेला आवाज आता कितीही खाली धरला तरी कडांनी फुटत होता.

"बाबूजी, तुम्हाले सांगितलं होतं ना, उघडायची नाही?"

"हौ."

"मग काहून उघडली?"

"मानूस एवढ्या दुरून पाहाले येते. त्याले काय पट्टी दाखवू?"

"हौ, पट्टी दाखवा. नाहीतर तोंड दाखवा. तुम्हाले भेटायला येतात ना ते, की जखमेले?"

डोमाजींनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच ठेवला. "माही पाठ तुले माहीत हाये?"

"दुखते, माहीत आहे."

"दुखते. पन दिसते का? ना सूज, ना घाव. मलाजखंडले कॉलनीत होतो तवा घरी धानाचं पोतं उचललं अन् गेली. हलकं काम मागतलं. तं पोट्टे म्हनत, डोमाजी नाटक करते. चहाच्या टपरीवर कमरेवर हात ठिवून माही नक्कल करत. सगळे हासत. शेवटी मीच हलकं काम सोडून परत डंपरवर बसलो."

"कोण करत होते नक्कल?"

"सगळेच करत." त्यांनी जरा विचार केला. "भैयालालची सगळ्यात चांगली होत होती."

हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे, दाद देत सांगितलं. रागाला टेकायला जागा हवी असते, आणि हा माणूस ती जागाच काढून घेत होता.

"ह्या टायमाले दिसनारं हाये," डोमाजी म्हणाले. "पाह्य म्हनलं. नीट उजेड लावून पाह्य."

"अन् अंगठा कापल्यावर काय दाखवाल?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे जास्त झालं. डोमाजींनी शांतपणे तो वरणातला तुकडा उचलला.

"कापलेला अंगठा तं कोनालेही दिसन," ते म्हणाले.

संघमित्रानं ताट उचललं आणि मोरीत नेऊन आपटलं. ताट स्टीलचं होतं, त्याला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बरेच उपाय मनात तपासले. शाळेत जाताना बाहेरून कुलूप घालावं, तर संध्याकाळपर्यंत सुनेनं सासऱ्याला कोंडल्याची बातमी रामपायलीपर्यंत गेली असती. दुर्गाबाईला पहाऱ्याला बसवावं, तर तीच पहिली वाकून पाहणारी. येणाऱ्यांना नाही म्हणावं, तर ते सोडून बाकी काहीही सोपं. शेवटी ती पौर्णिमाकडे गेली आणि सगळं सांगितलं, पाठीसकट.

पौर्णिमा आधी हसली. मग कपाटातून एक वेगळं पाकीट काढलं. तसंच जेल, पण त्याच्या पाठीला काचेसारखी पातळ फिल्म होती, आणि फिल्मच्या कडा जेलच्या बाहेरपर्यंत पसरून कातडीला चिकटणाऱ्या. "ह्याच्यावर जाळीही नको, गुंडाळपट्टीही नको. आतलं सगळं दिसते. लोकायले पाहू द्या ना मॅडम. फक्त हात लावू देऊ नका."

"आधी का नाही दिलं हे?"

"आधी कोणी सांगितलं होतं, लोक पाहायला येतात म्हणून?"

संघमित्रानं पाकिटावरची तारीख वाचली.

नवी पट्टी चिकटवून झाल्यावर घरी येऊन संघमित्रानं निळा पेन काढला आणि फिल्मच्या कडेवरून चार ठिकाणी सही केली, अर्धी फिल्मवर, अर्धी कातडीवर. शाळेत प्रश्नपत्रिकांच्या पाकिटाचं तोंड चिकटवल्यावर ती अशीच जोडावर सही करायची, म्हणजे कुणी उघडलं तर सही जुळत नाही.

"मले चोर समजते का?" डोमाजी दुखावून म्हणाले.

"नाही बाबूजी. पेपर समजते. परीक्षेच्या आधी फुटला नाही पाहिजे."

ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. हे दोन दिवस तिला बरे गेले.

लोक येत राहिले. उशीवरचा पाय आता न उघडता पाहता येत होता. ओलसर, लाल, चकतीखाली थोडा मोठा दिसणारा घाव. दुर्गाबाई पहिल्यांदा पाहून म्हणाली, "अय, मासोळीच्या काचेवानी दिसते हे तं." मग जुनं सुरू केलं. "पन ओलंच हाये अजून. ऊन दाखवा."

संघमित्रा आतून बाहेर येत होती. सब्जा, पाणी, कातडी, सगळं पुन्हा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात डोमाजी बोलले.

"धानाचा रोवना कोरड्या बांधीत लावते का तू? चिखल केल्याबिगर रोपा धरते का? मंग. नवी कातडी थे रोपाच हाये. ओल पाह्यजे तिले. अन् थे रोप्यातले किडे मारतो ना आपन, तशी ह्यात चांदी."

दुर्गाबाईनं मान हलवली. "हौ, हे बराबर हाये," ती म्हणाली. "असं सांगाव ना मंग."

त्या दिवसापासून प्रत्येक पाहुण्याला रोवण्याची गोष्ट ऐकावी लागली, जणू हायड्रोजेल डोमाजींनीच शोधलं होतं. आपल्या वाटीभर सब्जाचा कुठे उल्लेखही नाही, हे संघमित्राच्या लक्षात आलं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त चहा जरा पातळ होत गेला.

सही प्रत्येक वेळी जुळली. वास गेला. कडेची पांढरी कातडी पडून गुलाबी आली. लिंबाएवढी जखम बोराएवढी झाली, मग वाटाण्याएवढी. अंकित एका रविवारी समजवायला बसला, तर त्यालाही रोवणा ऐकावा लागला. मोह फुलायच्या सुमाराला डॉक्टरांनी अंगठा दाबून, वाकवून पाहिला आणि म्हणाले, "राहील हा."

डोमाजींनी पहिल्यांदा हाडांच्या चित्रावरून नजर काढली. "राह्यला?"

"राहिला. आता मऊ चप्पल घाला, अन् रोज रात्री पाय उलटून बघा."

घरी आल्यावर संघमित्रा मोरीत जाऊन थोडा वेळ नळ सुरू ठेवून उभी राहिली. मग तोंड धुऊन बाहेर आली, तर डोमाजी पाय उलटून बसले होते. वाटाणा आता मसुरीएवढा होता.

"एवढासा राहू द्या म्हनतो मी," ते म्हणाले.

"काय?"

"नाई. असंच."

दाराबाहेरच्या चपला कमी होत गेल्या. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ज्यांना रोवणा पाठ झाला होता ते दुसऱ्यांदा ऐकायला येईनात. दुर्गाबाईचा जोड तेवढा होता. संघमित्राला शाळेतून आल्यावर चहा एकटीचाच करायला लागायचा, याचीच आपण वाट पाहत होतो असं तिला वाटलं होतं. एक दिवस ती गल्लीच्या तोंडाशी जरा जास्त वेळ थांबली, दाराकडे पाहत, आणि मग स्वतःवरच चिडून घरी आली.

त्यानंतर एका रविवारी भैयालाल आले. बिरश्याहून, पुन्हा दोन बसा बदलून, सोबत मोहाच्या फुलांची पिशवी आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. अंकित बाजारात गेला होता. संघमित्रानं पुडा घेतला आणि फळीवर ठेवला.

डोमाजींनी सवयीनं उशी पुढे ओढली, पाय वर ठेवला. तळव्यावर काही नव्हतं. गुळगुळीत, गुलाबी, नाण्याएवढी नवी कातडी. ते जरा ओशाळले, आणि पाय परत घेऊ लागले.

"ठहर," भैयालाल म्हणाले. त्यांनी मोबाईल काढला, उजेड लावला, गुडघ्यावर वाकले आणि त्या गुलाबी डागाकडे पाहत राहिले. बराच वेळ. कातडीच्या कडेवर निळ्या शाईची पुसट रेघ अजून होती.

"बहोत बड़ा था यार," ते म्हणाले. "मैंने देखा था. उस दिन देखा था मैंने. हाड दिखने को ही था."

"हौ," डोमाजी म्हणाले.

भैयालालनी उजेड बंद केला. उठता उठता त्यांचा हात स्वतःच्या कमरेवर गेला, आणि तिथेच जरा थांबला.

"और पीठ?" त्यांनी विचारलं.

संघमित्रा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती तिथेच थांबली.

"पाठ हाये," डोमाजी म्हणाले. "दुखते."

"दुखती होगी," भैयालाल म्हणाले. मग पुन्हा, खाली पाहून, "दुखती ही होगी."

मग डोमाजींचा हात शर्टाच्या बटणांकडे गेला. एक सुटलं, दुसरं सुटलं. ते वळून बसू लागले.

"बाबूजी," संघमित्रा ट्रे खाली ठेवत म्हणाली, "शर्ट घाला. चहा निवतो."